हरमलच्या उन्हात फुगलेला डबा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरहून आंबोली, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीला गोव्यात शिरलो. रस्त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. सांगायचंय ते गाडीतल्या अग्निशामकाबद्दल. जोडीत स्वस्त मिळतात म्हणून मी दोन स्प्रेचे डबे घेतले होते, डिओच्या बाटलीपेक्षा थोडे मोठे.

पेडण्याच्या पुढे एका जुन्या टॅक्सीच्या बॉनेटमधून धूर येत होता. डबा घेऊन धावलो आणि बॉनेट उचलायला गेलो, तोच टॅक्सीवाले काका ओरडले, "उघडू नका! वारं लागलं की भडकेल." त्यांनी आतून फक्त खटका ओढला, मी फटीतून फवारा मारला. दहा-बारा सेकंदांत डबा रिकामा. जाळ बसला आणि मिनिटभरात वायरींच्या जुडग्यातून पुन्हा उठला. मागून आलेल्या मिनीबसमधला पावडरचा सिलिंडर नसता तर गाडी गेली असती.

दुसरा डबा मागच्या काचेखाली होता. हरमलला गाडी तीन तास उघड्यावर उभी राहिली. परत आलो तर डब्याचं खोलगट बूड बाहेर आलेलं, पत्रा चटका बसेल इतका तापलेला. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये. मेच्या उन्हात बंद गाडी, त्यात काचेखालची जागा, ५० अंश सहज ओलांडते. माझी मुलगी बरोबर त्याच्या पुढच्या सीटवर बसते. मी हात लावला नाही. सगळी दारं उघडली, सगळ्यांना लांब सावलीत नेलं आणि दिवस मावळून तो थंड होईपर्यंत थांबलो.

दुसऱ्या दिवशी म्हापशात आयएसआय मार्कचा एक किलोचा एबीसी पावडर (लाकूड-कापड, पेट्रोल, गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारी) सिलिंडर घेतला. तुम्हीही निघण्याआधीच घ्या. त्याला आतला दाब दाखवणारा काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्यातून एकदा बघा. माझ्या डब्यांना काटाच नव्हता, गॅस उरलाय की गेलाय कळणार कसं? सिलिंडर सीटखाली ब्रॅकेटमध्ये घट्ट बसवा, सुटा राहिला तर घरंगळत ब्रेकखाली येईल. पावडर नाकातोंडात जाते, इंजिन नंतर नीट साफ करावं लागतं. ते मला चालेल. आग लागलीच तर आधी इंजिन बंद करा, माणसं उतरवा. एका सिलिंडरात आग बसली नाही, किंवा ती पेट्रोलच्या टाकीकडे असेल, तर गाडी सोडून लांब जा आणि ११२ लावा.