कणगीतलं बी आणि परक्या मताची परीक्षा

कणगीत ठेवलेल्या बियाण्याला कोंब फुटत नाही आणि तेच शेतात पेरलं की फुटतो, असं का? प्रश्न शेतीचा वाटतो. पण नैयायिक (न्यायदर्शनाचे पंडित) आणि बौद्ध यांच्यात जी कित्येक शतकं खडाजंगी चालली, तिच्या ऐन मध्यावर हेच बी होतं. हल्ली सहज म्हटलं जातं की बौद्ध मत खरं की खोटं हे दुसऱ्या दर्शनाने ठरवूच नये, ज्याची त्याची चौकट वेगळी. त्या खडाजंगीत उतरलेल्या एकाही पंडिताला, मग तो कोणत्याही बाजूचा असो, हे पटलं नसतं.

बौद्धांचा दावा असा: जे जे सत्, ते ते क्षणिक. सत् कशाला म्हणायचं? जे काही कार्य घडवतं त्याला. आता कणगीतल्या बियात कोंब काढण्याचं सामर्थ्य आहे का? आहे म्हणाल, तर कोंब तिथेच फुटायला हवा. समर्थ असलेली गोष्ट वाट कशाची बघेल? नाही म्हणाल, तर शेतातलं बी समर्थ आणि हे असमर्थ. एकाच वस्तूत दोन विरुद्ध धर्म राहत नाहीत, म्हणून ही दोन वेगळी बियाणी. हाच न्याय प्रत्येक क्षणाला लावा.

नैयायिक म्हणतो, बी तेच आहे, फक्त माती, पाणी, ऊब हे सहकारी हजर नव्हते. बौद्ध लगेच विचारतो: हे सहकारी बियात काही भर घालतात की नाही? घालत नसतील तर ते हवेत कशाला? घालत असतील तर ती भर बियाहून वेगळी की बीच? वेगळी असेल तर कोंब त्या भरीने काढला, बियाने नाही. बीच असेल तर बी नवं झालं, म्हणजे आमचंच म्हणणं आलं.

हा पेच नैयायिक उदयनाचार्यांनी (१० वं-११ वं शतक) आत्मतत्त्वविवेक या ग्रंथात सुरुवातीलाच धरला. सामर्थ्य म्हणजे तुम्हाला काय अभिप्रेत आहे, प्रत्यक्ष कार्य करणं की कार्य करण्याची योग्यता? योग्यता कणगीतही आहे, करणं तेवढं नाही. योग्यता असणं आणि आत्ता न करणं यात विरोध कुठला? माझ्या मते इथे बौद्धांची बाजू खरोखर अडचणीत येते. आणि ती येते ती वेदाचा आधार न घेता, बौद्धांच्याच मांडणीतला सांधा दाखवून.

वादाचा नियमच तसा होता. हेतू, म्हणजे अनुमानासाठी दिलेलं कारण, दोन्ही पक्षांना मान्य हवा. एकाच बाजूला मान्य असलेला हेतू 'अन्यतरासिद्ध' म्हणून बाद. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाने प्रमाणं, म्हणजे खऱ्या ज्ञानाची साधनं, दोनच मानली, प्रत्यक्ष आणि अनुमान. न्यायदर्शन चार मानतं: ही दोन, शिवाय उपमान (साम्यावरून होणारं ज्ञान) आणि शब्द (विश्वासार्ह वचन). तेव्हा समाईक जागा उरते ती पहिल्या दोन प्रमाणांची. 'वेदात आहे' किंवा 'बुद्धाने सांगितलंय' असं म्हणून समोरच्याला गप्प करता येत नाही. समोरच्याचे हेतू स्वतःला पटत नसले तरी एक वाट उघडी असते, प्रसंगाची: त्याचंच विधान घ्यायचं आणि त्यातून त्याला नकोशी आपत्ती काढून दाखवायची.

हे हत्यार बहुतेक वेळा बोथट का पडतं, तर समोरच्याने न मानलेली गोष्ट त्याच्या गळ्यात मारली जाते म्हणून. 'आत्मा नाही म्हणता, मग पुनर्जन्म कोणाचा?' ही आपत्ती लागू व्हायला पुनर्जन्मासाठी तोच एक कोणीतरी लागतो हे बौद्धाने आधी मानायला हवं. तो ते मानतच नाही. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहाटेची ज्योत संध्याकाळचीच नव्हे आणि निराळीही नव्हे, हे मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथातलं उत्तर त्याच्यापाशी तयार असतं. ते उत्तर पुरेसं आहे का यावर जरूर भांडा, पण भांडण तिथून सुरू होतं.

समाईक जागाही कधीकधी पायाखालून सरकते. 'हा तोच देवदत्त' ही ओळख नैयायिकाच्या लेखी प्रत्यक्ष. बौद्धाच्या लेखी प्रत्यक्ष म्हणजे कल्पनेचा स्पर्श नसलेलं ज्ञान. या ओळखीत स्मृती मिसळली आहे, तेव्हा ती बाद. शिवाय कापून पुन्हा वाढलेली नखंही आपल्याला 'तीच' वाटतात. ब्रह्मसूत्र २.२.२५ वरच्या भाष्यात शंकराचार्य म्हणतात की बाहेरच्या वस्तूबाबत एखादे वेळी असा संशय येईलही, पण पाहणारा मी तोच की दुसरा, हा संशय कधीच येत नाही. बौद्ध म्हणतो, संशय न येणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. कार्यकारणांच्या एका प्रवाहातून स्मृतीचा उलगडा होतो. इथे निकाल लागत नाही, कारण प्रत्यक्ष कशाला म्हणायचं यावरच मतभेद आहे. कशालाच स्वतःचं स्वरूप नाही म्हणणाऱ्या बौद्धांच्या शून्यवादाला मात्र आचार्य (२.२.३१) तो सर्व प्रमाणांच्या विरुद्ध आहे एवढं म्हणून वाटेला लावतात. हे मला कमकुवत वाटतं. प्रमाणं स्वतः कशाने सिद्ध होतात, हाच शून्यवादी नागार्जुनाचा सवाल होता. दुसऱ्या प्रमाणाने म्हणाल तर साखळी संपत नाही.

इतिहासाचे दावे तुलनेने सोपे. चार दृश्यं पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा मूळच्या गोव्यातल्या धर्मानंद कोसंबींनी नाकारली, ती पाली साहित्याच्या आधारे. शाक्य-कोलियांचा रोहिणीच्या पाण्यावरचा तंटा त्यांनी पुढे आणला. १९५७ साली निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब आंबेडकरांनी याच गृहत्यागाच्या कथेवर प्रश्न लावला आणि अनात्म (आत्मा नाही हे मत) व पुनर्जन्म यांच्या मेळावरही. त्याच ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची त्यांची एक कसोटी म्हणजे ते बुद्धीला आणि तर्काला धरून असणं. आतला माणूस ज्या चाळणीने चाळतो ती बाहेरच्याने हातात घेतली, तर तक्रार कसली?

खुद्द परंपरेतही हेच आहे. सोनं जसं तापवून, कापून, कसोटीवर घासून घेतात तसं माझं वचन पारखून घ्या, केवळ आदरापोटी नको, हा बुद्धाच्या तोंडचा श्लोक बौद्ध आचार्य शांतरक्षिताने ८ व्या शतकात तत्त्वसंग्रह या ग्रंथात घेतला. त्याच्या आधीचा बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती तर फटकळच. जगात किडे किती हे बुद्धाला ठाऊक असण्याचा आम्हाला काय उपयोग, काय टाकायचं आणि काय धरायचं हे तो जाणतो की नाही ते बघा. लांबचं दिसण्यालाच प्रमाण म्हणायचं असेल तर चला, गिधाडांची उपासना करू!

कोणत्या कर्माचं नेमकं कोणतं फळ, असल्या अत्यंत परोक्ष (ना दिसणाऱ्या, ना अनुमानाने कळणाऱ्या) गोष्टींत शास्त्रावर विसंबणं हे निरुपाय म्हणून आहे, खरंखुरं अनुमान नव्हे, अशी कबुलीही तोच देतो. तिथे बाहेरच्या परीक्षकालाही एवढंच करता येतं: तेच शास्त्र दुसरीकडे याच्या उलट बोललंय का, आणि पडताळता येण्याजोग्या ठिकाणी ते चुकलंय का, हे तपासणं.