तुम्ही विचारलंत म्हणून

"चांगल्या कथा लिहीत होतात, मग पुस्तकांची मांडणी करायला का लागलात?" विचारणाऱ्याच्या आवाजात हळहळ असते, म्हणून एकदा नीट सांगते.

माझ्या पहिल्या संग्रहातल्या एका कथेत नवरा पहाटे घराबाहेर पडतो. मग एक ओळ कोरी. पुढे बायको दार उघडते, तर तो दारात उभा. मधली सगळी वर्षं मी त्या कोऱ्या ओळीत ठेवली होती. छापताना ती ओळ नेमकी पानाच्या तळाशी आली आणि दिसेनाशी झाली. एका वाचकाने पत्रातून विचारलं, "घरी काय विसरला होता तो?"

मी रात्रभर रडले. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी जुळणी करणाऱ्या ताईंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी आधीच्या पानावरच्या दोन ओळी पुढे ढकलल्या, आणि कोरी जागा पानाच्या मध्यावर आली. कथेतला एक शब्दही न बदलता कथा दुरुस्त झाली होती. मी तिथून हललेच नाही. पुढची दोन वर्षं आठवड्यातून तीन दिवस त्यांच्याकडे शिकायला जात होते.

आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात. वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या तर वरचा 'कृ' खालच्या रफाराला टेकतो आणि डोळा अडखळतो. मी साधारणपणे 13 पॉइंटचं अक्षर घेते आणि एका ओळीपासून दुसरीपर्यंत 19 पॉइंट ठेवते. पानं वाढतात, प्रकाशक कुरकुरतात. त्यांचंही खरं आहे. मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी 16 पानं म्हणजे एक फॉर्म, त्यामुळे 160 पानांत दहा फॉर्म बसतात. मजकूर 163 वर गेला की अकरावा लागतो. ती तीन पानं अक्षर बारीक न करता कशी वाचवायची, यात माझे कितीतरी दिवस जातात, आणि ते मला आवडतात.

नवा फॉन्ट हाती आला की आधी 'ल' आणि 'श' पाहते. मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात प्रमाण मानला, तरी हिंदी वळणाची अक्षरं सर्रास छापली जातात. त्यानंतर 'दऱ्या' टाइप करून बघते. जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतात, आणताना अर्धा 'र' हमखास बिघडतो, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा 'दर्या' होतो. हे प्रूफ वाचणाऱ्याच्याही नजरेतून सुटतं. ज्याने वाक्यं लिहिली आहेत त्याला ते लागतं. म्हणून लिहिणं वाया गेलं, असं मला कधीच वाटलं नाही. र. कृ. जोशी कवी होते आणि संगणकावरचा 'मंगल' फॉन्टही त्यांचाच. ही दोन कामं एका माणसात सुखाने राहतात.

पैशांचं विचाराल, तर पानामागे दर ठरतो. तो कमीच आहे. मोठं काम आलं की मी आधी अर्धे मागून घेते.

सध्या एक बाई आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक करताहेत. डेमी आकारात, म्हणजे नेहमीच्या कथा-कादंबऱ्यांच्या पुस्तकाच्या मापात, ओवीची ओळ मावत नव्हती, शेवटचे एक-दोन शब्द खाली लोंबत होते. अक्षर लहान केलं तर आईच्या वयाच्या बायकांना वाचता येईना. शेवटी त्यांना फोन केला आणि विचारलं, "आई म्हणताना मध्ये थांबायच्या कुठे?" त्या क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांनी फोनवरच गायला सुरुवात केली. मी पेन्सिल घेऊन बसले आणि त्या जिथे श्वास घ्यायच्या, तिथे खूण करत गेले. चौपन्न ओव्या झाल्या तेव्हा बाहेर अंधार पडला होता.