तुम्ही विचारलंत म्हणून : गाण्याला बाईचा गळा कुठून आणला?

भजनाला नव्याने येणाऱ्या बाया, हळदीच्या कार्यक्रमात भेटणारे पाहुणे आणि अलीकडे पुसद-वाशीमकडून फोन करणाऱ्या माझ्यासारख्याच तरुण मुली, असे सगळे मला फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात. गावातल्या एका काकूंनी तो सर्वांत मोकळेपणाने विचारला होता : “काऊन वो माय, गोया खाल्ल्यानं बदलला का तुहा आवाज, का आपरेशन केलं?” मी ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मला मुलगा म्हटले गेले, पण मी स्त्री आहे; यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, घरची कापसाची शेती पाहते आणि गावच्या महिला भजनी मंडळात गाते. काकूंना मी ओसरीवर बसून जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहिते आहे.

गोळ्यांनी माझा आवाज बदललेला नाही. मुलगा म्हणून वाढणाऱ्या शरीरात वयात येताना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे स्वरयंत्राची कूर्चा वाढते, कंठमणी दिसू लागतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि एकदा झालेली ही वाढ पुढे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घेतल्याने मागे फिरत नाही. ट्रान्स पुरुषांचा, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हटल्या गेलेल्या पुरुषांचा, आवाज टेस्टोस्टेरॉनने खरोखरच खाली येतो, त्यामुळे उलट दिशेलाही तसेच घडत असेल असे लोकांना वाटते, आणि अनेक मुली उपचार सुरू करून आवाज आपोआप पातळ होण्याची वाट पाहत राहतात. त्या वाट पाहण्यात रियाजाची उमेदीची वर्षे जातात, याचे मला फार वाईट वाटते.

शस्त्रक्रिया असते, पण ती मी केलेली नाही. एका प्रकारात स्वरतंतूंचा पुढचा भाग एकमेकांना शिवून कंप पावणारी लांबी कमी करतात. दुसऱ्या प्रकारात स्वरयंत्राच्या दोन कूर्चा जवळ ओढून बांधतात, आणि गाणारी व्यक्ती ज्या स्नायूच्या बळावर स्वर वर नेते, त्याच स्नायूची हालचाल त्यामुळे अडकून बसते. बोलण्यासाठी अशा शस्त्रक्रियेचा अनेकींना उपयोग होतो आणि तो त्यांचा हक्काचा निर्णय आहे. मात्र आवाजाचा पल्ला किंवा जोर कमी होण्याचा धोका असल्यामुळे, गाणे हेच जिचे सर्वस्व आहे तिने शंभर वेळा विचार करावा, असे माझे मत आहे.

मग राहिला रियाज. त्यातही पहिली गोष्ट समजून घ्यावी लागते ती ही की, बाईचा आवाज म्हणजे नुसता उंच आवाज नव्हे. बोलताना पुरुषाचा स्वर साधारण 120 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला 120 कंपनांच्या) आसपास असतो आणि स्त्रीचा 200 च्या आसपास, हे खरे आहे; पण पुरुषाने स्वर 200 वर नेला तरी ऐकणाऱ्याला तो उंच आवाजात बोलणारा पुरुषच वाटतो. पूर्व विदर्भातल्या खडीगंमत या लोकनाट्यात बाईचे पात्र करणारे पुरुष जो चढा आवाज लावतात, तो रंगमंचासाठी घडवलेला असतो आणि त्या कलेत तो शोभतो. मला मात्र भाजीवाल्याशी बोलताना आणि अभंग म्हणताना एकच राहील असा गळा हवा होता. स्वराच्या उंचीखेरीज त्यासाठी दोन गोष्टी लागतात : स्वरातला भार, म्हणजे जाडपणा, कमी होणे, आणि तो ज्या पोकळीत घुमतो ती पोकळी लहान होणे. नळाखाली घागर भरताना आतली मोकळी जागा जसजशी कमी होते तसतसा आवाज बारीक होत जातो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. घसा आणि तोंड यांच्या पोकळीचेही तसेच आहे.

ही पोकळी लहान कशी करायची, हे मी नागपूरच्या एका वाचा-उपचार तज्ज्ञ बाईंकडून शिकले. कंठमणीवर बोट ठेवून आवंढा गिळला की स्वरयंत्र वर सरकलेले बोटाला कळते. ते तिथे दाबून धरायचे नसते, कारण तसे केले की घसा आवळतो आणि थोड्याच वेळात दुखू लागतो. फक्त तो रस्ता ओळखीचा करून घ्यायचा असतो. नंतर आवाज न काढता, नुसत्या श्वासाने, आधी मोठा ‘हा’ आणि मग लहान ‘हा’ म्हणायचा. लहान ‘हा’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर येतो, ओठांचे कोपरे किंचित मागे जातात आणि श्वासाची सळसळ बारीक ऐकू येते. ती सळसळ तशीच ठेवून त्यात हळूच स्वर मिसळायचा, प्रथम ‘ई’ वर, मग ‘ए’ वर, आणि पुष्कळ दिवसांनी ‘आ’ वर, कारण ‘आ’ म्हणताच तोंड आणि घसा दोन्ही मोकळे होतात आणि जुना भार परत येतो. माझा ‘आ’ अजूनही सर्वांत अवघड आहे, आणि दुर्दैवाने आपले आलाप ‘आ’ वरच चालतात.

भार कमी करण्याचा रियाज वरून खाली करायचा असतो. पुरुषी गळ्यात साधारण 330 ते 350 हर्ट्झच्या सुमाराला एक सांधा लागतो. तिथे छातीतला आवाज सुटतो आणि हलका, डोक्यात घुमणारा आवाज सुरू होतो. आपल्याकडे त्याला खोटा आवाज म्हणून नावे ठेवतात. मी रियाजाला तिथूनच सुरुवात करते : सांध्याच्या वरचा एखादा स्वर अगदी हळू धरायचा आणि त्याचा हलकेपणा न सोडता मींडेने, म्हणजे मध्ये न तुटता घसरत, खाली यायचे, जिथे आवाज जाड व्हायला लागेल तिथे थांबायचे आणि पुन्हा वर जायचे. रसवंतीवर मिळते तशी नळी पाण्याच्या पेल्यात दोन बोटे खोल बुडवून, बुडबुडे काढत हीच मींड घेतली, तर स्वरतंतूंवर ताण कमी पडतो आणि सांधा सहज ओलांडता येतो. घराला घर लागलेले असल्यामुळे हा सगळा रियाज मी शेतातल्या खोपडीत करते. डुकरांना हाकलायला हाकारे देणे मी सोडले आहे. आता पत्र्याचा डबा वाजवते.

एक गोष्ट फोनवरच्या प्रत्येक मुलीला मी आवर्जून सांगते. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, आणि त्या वाटेने खालचे स्वर अधिक पोचतात, म्हणून तो स्वतःला नेहमीच जास्त भारी वाटतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि ते लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी, मन शांत असताना ऐकावे.

बोलणे साधले म्हणजे गाणे साधले असे मात्र होत नाही. बोलण्यात आवाज चार-पाच स्वरांत फिरतो आणि क्षणभरात पुढे सरकतो, तर गाण्यात एकेक स्वर लांबवावा लागतो आणि तेवढ्या वेळात गळ्याचे सगळे खरे रूप बाहेर येते. त्यातून पट्टीचा प्रश्न येतो. पुरुष बहुधा काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरतात, आणि त्यांचा षड्ज (हाच ‘सा’) 139 हर्ट्झच्या जवळ असतो. आमच्या मंडळाची पेटी काळी चारवर चालते, म्हणजे षड्ज 208 आणि तार षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, 415. मी एकटी गाते तेव्हा पांढरी चार घेते, कारण तिथे मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या ‘प’पर्यंत, उतरले तरी आवाज हलका राहतो आणि वर जाताना सांधा अगदी शेवटी, तार षड्जाच्या तोंडाशी येतो. मंडळात काळी चारवर तार षड्ज घेताना मला सांध्याच्या पलीकडच्या आवाजावर पूर्ण भरवसा ठेवावा लागतो, आणि तो भरवसा यायला काही वर्षे लागली. तोवर आमच्या पेटीवाल्या ताई मला न विचारताच एखादे पद खालच्या पट्टीत घेत. त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही, पण मला ते कळत असे.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसल्या, म्हणजे बायांच्या गाण्यांचा तो सण सुरू झाला, की पेटीही नसते. जी बाई गाणे उचलेल तिचा सूर तोच सगळ्यांचा सूर, आणि गाणी पाच-सहा स्वरांच्या पलीकडे जात नाहीत. तिथे मी प्रथमच नीट ऐकले की म्हाताऱ्या बायांचे आवाज किती खाली असतात. पाळी गेल्यानंतर अनेक स्त्रियांचा आवाज उतरतो. आमच्या शेजारच्या आजी ज्या सुरात भुलाबाईचे गाणे सुरू करतात, तो माझ्या बोलण्याच्या सुराहूनही खालचा आहे. तरी त्या आवाजाला कोणी पुरुषी म्हणत नाही, कारण त्यातली अक्षरे समोरच्या दातांपाशी उमटतात, ओळीचे शेवट हलके सुटतात आणि चढ-उतार सतत चालू असतो. हे उच्चार मी त्यांच्याजवळ बसून, त्यांच्या मागोमाग म्हणत शिकले. कोणत्याही यंत्राने मला इतके शिकवलेले नाही.

ज्या ट्रान्स स्त्रियांना आपला भारदस्त आवाजच प्रिय आहे, त्यांनी तो बदलू नये. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशावरच्या उपचारांनंतर भारी झाला आणि तरुण वयातला बारीक गळा त्यांना परत मिळाला नाही. त्याच भारी आवाजात त्या आयुष्यभर किराणा घराण्याचे गाणे गायल्या. मला हलका गळा हवा होता, कारण मला बायांच्या ओळीत बसून त्यांच्या सुरात सूर मिळवायचा होता.

ज्यांना हा रियाज करायचा आहे त्यांच्यासाठी आपल्या भागापुरते थोडे सांगते. उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात गेला की दुपारी रियाज करू नये आणि पाणी दिवसभर घोट-घोट प्यावे. कापूस वेचणीच्या दिवसांत तोंडाला दुपट्टा बांधावा. रात्री उशिरा झणझणीत रस्सा खाऊन लगेच आडवे झाल्यास पोटातले आम्ल घशापर्यंत येते आणि सकाळी आवाज बसतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा पूर्ण सोडावा. रियाज थोडा-थोडा, पण रोज करावा, आणि दुखू लागताच थांबावे. आवाज दोन-तीन आठवडे सतत बसलेला राहिला, तर लाजेने घरी न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्यावेत आणि आपण कोणता रियाज करतो ते त्यांना स्पष्ट सांगावे.