सात टनी बेडफर्ड, रिकामीच

ब्रेक अखेर धरायला लागले. माझ्या जुन्या बेडफर्ड लॉरीला, एस टाइपला, हायड्रॉलिक ड्रम ब्रेक आणि जोडीला व्हॅक्यूम सर्व्हो, म्हणजे इंजिनाच्या ओढीने पेडलचा जोर वाढवणारं यंत्र. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून जाम होतात. इथेही तेच निघालं. चाकं काढणाऱ्यांसाठी एक: डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे आहेत. ठाऊक नसलेला माणूस पान्याला पाइप लावतो आणि नट बसतो तो स्टडच मोडतो.

भेटेल तो आधी लायसन्सचं विचारतो. ब्रिटनमध्ये कारच्या, म्हणजे बी वर्गाच्या, लायसन्सची मजल ३.५ टनांपर्यंत. १ जानेवारी १९९७ पूर्वी कारची टेस्ट पास झालेल्यांना सी१, म्हणजे मध्यम लॉरीचं लायसन्स, आपसूक मिळालंय, पण तेही ७.५ टनांवर थांबतं. ही गाडी मालच सात टन वाहायची, वर स्वतःचं वजन. तरी मी ती कारच्या लायसन्सवर चालवतो, कारण १९६० पूर्वी बनलेली मालगाडी रिकामी असेल आणि मागे भरलेला ट्रेलर नसेल तर तिला मोठं लायसन्स लागत नाही.

रिकामी म्हणजे रिकामीच. एका मित्राला त्याचं जुनं स्टेशनरी इंजिन (एका जागी बसवून पंप वगैरे चालवायचं) प्रदर्शनाला न्यायचं होतं. "एवढा हौदा मोकळाच तर चाललाय!" हौद्यात ते चढलं की सवलत संपली, विम्याचंही अवघड. नाही म्हटलं. स्वारी अजून घुश्शात आहे.

गाडी घेणार असाल तर लक्षात ठेवा, नियम बांधणीची तारीख बघतो, नोंदणीची नाही. १९६० च्या उंबरठ्यावरची गाडी असेल तर चासी नंबरावरून वर्ष पक्कं करूनच पैसे द्या. कराचं सोपं आहे: ४० वर्षांवरची, धंद्यात नसलेली गाडी हिस्टॉरिक, म्हणजे ऐतिहासिक गाड्यांच्या, वर्गात जाते, कर शून्य. अर्ज मात्र दरवर्षी करायचाच.

गाडीची वार्षिक तपासणीही माफ आहे, पण मी ब्रेक रोलरवर, म्हणजे चाकं फिरवून ब्रेकचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घेतले. मागचे ब्रेक सात टन थोपवायला बनवलेले. हौदा रिकामा असताना ओल्या रस्त्यावर पेडल जरा जोरात दाबलं की मागची चाकं लॉक होऊन घसरतात. त्यामुळे उतारावर आधीच गिअर खाली. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, तिथे डबल क्लच, म्हणजे न्यूट्रलमध्ये थांबून क्लच दोनदा दाबायचा.

आता पुढचे टायर. लॉरीच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर दहा वर्षांवरचे टायर २०२१ पासून बंद आहेत. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांना त्यातून सूट आहे, पण बाजूच्या भिंतींना पडलेल्या भेगा बघितल्यावर ती सूट घ्यावीशी वाटत नाही. जोडी मागवली आहे.