आमच्या शाळेत नाना दोर वळायला शिकवतात – माझा अनुभव

मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. २०२४ ला पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार (शनिवारी पुस्तकाऐवजी कृतीतून शिकायचा उपक्रम) सुरू झाला, २०२० च्या शैक्षणिक धोरणात पण सहावी ते आठवीच्या पोरांनी दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुतार-कुंभारांकडून शिकावं असं आहेच, म्हणून म्हटलं गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाच शाळेत बोलवू. शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये कुणी नाही म्हटलं नाही.

पहिले आले नाना. ऐंशीच्या घरातले, घायपाताचा (जाड काटेरी पानांचं झुडूप, आमच्याकडे केकताड म्हणतात) दोर वळणारे आता गावात तेवढेच. मी काय केलं, तर शाल-श्रीफळ दिलं, खुर्चीवर बसवलं आणि हातात माईक दिला. नाना "आमच्या टायमाला लई कष्ट होते" एवढंच बोलले आणि गप्प. फार वाईट वाटलं, कारण हाच माणूस पारावर बसला की तास तास बोलतो.

दुसऱ्या शनिवारी त्याहून मोठी चूक झाली. नाना यायच्या आत तयारी असावी म्हणून मीच बांधावरची ताजी पानं आणवली आणि पोरांना ठेचायला बसवलं. त्या रसानं अंगाला खाज सुटते हे मला माहीतच नव्हतं, तीन पोरांचे हात कोपरापर्यंत लाल झाले, सोमवारी त्यांच्या आया शाळेत, आणि त्यांचा राग अगदी बरोबर होता. नाना एवढंच म्हणाले, "बाई, आधी इचारायचं की."

खरंच विचारलं नव्हतं. पाहुणा म्हणून बोलवलं पण तास कसा घ्यायचा ते सगळं मीच ठरवत होते. मग त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि ते सांगतील तसं वहीत लिहून घेतलं. पानं डबक्यात दगडाखाली दाबून आठ-दहा दिवस कुजवायची, घाण वास येणारच, मग बडवून धुवायची, निघालेला वाख, म्हणजे पानातले धागे, उन्हात वाळवायचा, मगच वळायला घ्यायचा. एका टायमाला पाच-सहाच पोरं. खुर्ची नको, लिंबाखाली पोतं टाका. आणि माईक तर अजिबात नको.

त्या दिवशी नानांनी धोतर वर सारलं, वाखाचे दोन पदर मांडीवर तळहातानं एकाच दिशेला पिळले आणि हात जरा ढिला सोडला, तर ते दोन्ही पदर उलट्या बाजूनं आपोआप एकमेकांत गुंडाळत गेले. पाचवीतल्या एका पोरीनं टोक ओढून बघितलं, म्हणाली, "नाना, सोडलं तरी सुटत का नाही?" नाना म्हणाले, "दोघास्नी बी सुटायचंय, पर एकमेकाला धरून बसलेत." मी विज्ञान शिकवते, पण इतकं सोपं मला सांगता आलं नसतं.

पहिले दोर वेडेवाकडेच झाले, कुठं जाड कुठं बारीक. नाना तसला दोर टाकू देत नाहीत, उलगडायला लावतात आणि परत वळायला सांगतात, न चिडता. चौथ्या शनिवारी त्या पोरीनं शेळीसाठी दावं पुरं केलं, नानांनी दोन्ही हातांनी ताणून बघितलं आणि नुसती मान हलवली, तर पोरगी दावं घेऊन घरी पळतच सुटली.

परवा शाळा सुटताना नानांनीच मला हाक मारली, "बाई, वाख संपत आलाय, पानं आजच भिजत घाला, न्हायतर दोन शनवार मोकळे जातील."