बोलता येईल इतकंच

फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर आठवड्याचे सात खण आहेत. सोमवारी विश्रांती, बुधवारी चढ, शुक्रवारी पायांचे आणि पाठीचे व्यायाम. उरलेल्या चारही खणांत एकच शब्द: हळू. मंगळवारी हळू, गुरुवारी हळू, शनिवारी थोडंसंच पण हळू, रविवारी लांब आणि हळू. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीचं हे वेळापत्रक आमच्या ग्रुपमधल्या डॉक्टरांनी करून दिलंय. (ते कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत, पण पळण्यात सगळ्यांत जुने तेच.) सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, “एवढं हळूच जायचंय तर चालत का नाही जात?”

प्रश्न रास्त आहे. एकवीस किलोमीटर पळायचं, त्यातही निम्मी वाट यवतेश्वरच्या घाटातून वर चढायची, म्हणजे रोज पहाटे जीव तोडून धावायचं असणार, असंच कुणालाही वाटेल. ग्रुपमध्ये नव्यानं आलेल्यांनाही तसंच वाटतं आणि ‘हळू’चा सगळ्यांत जास्त जाच त्यांनाच होतो. अंगात रग असते, नवे बूट असतात, आणि शेजारून कुत्रं फिरवायला निघालेले आजोबा सहज पुढं निघून जातात. त्या आजोबांना जाऊ देणं, हे या खेळातलं पहिलं कौशल्य आहे. काहींना ते वर्षभरात जमत नाही.

हळू म्हणजे नक्की किती, ते सांगायला मनगटावर घड्याळं आहेत, छातीला बांधायचे पट्टे आहेत. डॉक्टरांची कसोटी मात्र फुकटातली: पळताना बोलता आलं पाहिजे. ‘हो’, ‘हं’, ‘बघू’ हे बोलणं धरायचं नाही. क्रियापदापर्यंत पोचणारं अख्खं वाक्य हवं. वेग एका मर्यादेपलीकडं गेला की श्वास एकदम वाढतो आणि वाक्य मध्येच तुटतं. तुटलं की पाय आवरायचे. एवढ्या सावकाश पळून मिळतं काय, तर स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, साठवलेली साखर जपून वापरत चरबी जाळायची शरीराला सवय लागते. दमसास त्या मानानं लवकर वाढतो. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि हाडं मात्र सरकारी फायलीसारखी आपल्या गतीनंच पुढं सरकतात, त्यांना घाई केली की दुखणं ठरलेलं.

ही अक्कल काही आजची नाही. न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड हा बुटांच्या कारखान्यात काम करणारा माणूस. त्यानं तयार केलेल्या पीटर स्नेलनं ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गनं ५००० मीटरचं सुवर्णपदक १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी जिंकलं. आता ८०० मीटर म्हणजे पावणेदोन मिनिटांचा मामला. पण लिडियार्ड त्या स्नेललाही रविवारी ऑकलंडजवळच्या डोंगरातून ३५ किलोमीटर पळवायचा. पावणेदोन मिनिटांसाठी ३५ किलोमीटर! हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्याला घरी कामं नसतील.”

तर आमची पात्रता ही अशी बोलण्यावर ठरते, आणि बोलण्यात आमचा ग्रुप ऑलिंपिक दर्जाचा आहे. त्यात शाहूपुरीत राहणाऱ्या वहिनी म्हणजे शिखर. सध्या त्यांच्या भाच्याचं लग्न जमवणं चालू आहे. मुलगा पुण्यात, हिंजवडीला. मुलगी कोरेगावची, पण नोकरीला बंगळुरूत. मंगळवारी पहाटे राजवाड्यापासून निघालो तेव्हा पत्रिका जुळली होती. पोवई नाक्यापर्यंत मुलाच्या आईची नाराजी येऊन गेली. परत येताना मुलीनं व्हिडिओ कॉलवर मुलाला विचारलं, “तुला स्वयंपाक काय काय येतो?” वहिनी गोष्ट कधीच थोडक्यात सांगत नाहीत. कोण कुठं बसलं होतं, चहा कुणी टाकला, बशीत कोणती बिस्किटं होती, सगळं येतं. मात्र गोष्ट रंगात आली की त्यांचे पायही रंगात येतात. मग मागून डॉक्टरांची हाक येते, “वहिनी, वेग!” आणि भाच्याचं लग्न अर्ध्या मिनिटानं मागं येतं.

सोमवारचं काय सांगावं? या दिवसांत श्रावण असतो. पळायचं नाही आणि जेवायचंही नाही, असा दुहेरी योग त्या वारी जुळून येतो. रविवारच्या लांब पल्ल्यानं स्नायूंमधला साखरेचा साठा बराच रिकामा झालेला असतो, तो भरून काढायचा दिवस नेमका उपासाचा. पहिल्या वर्षी मी यावर बरीच काळजी केली, मग ताटात काय आहे ते नीट पाहिलं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा, शेंगदाण्याचं कूट, मीठ. जोडीला दही, रताळ्याचा कीस, केळं, राजगिऱ्याचा लाडू. पळणाऱ्यांसाठीच्या पुस्तकांतला कुठलाही आहारतज्ज्ञ यावर खूश होईल, फक्त खिचडीतल्या तुपाकडं त्यानं थोडा काणाडोळा करावा. शनिवारीही आमच्याकडं उपास असतो. म्हणजे रविवारच्या आदल्या रात्री वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. परदेशी पळणारे त्या रात्री पास्ता खातात म्हणे. आम्ही वरी खातो, आणि रविवारी मी धडधाकट घरी आले की श्रेय शनिवारच्या मारुतीला जातं.

जेवणापेक्षा खरा प्रश्न बुटांचा. साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगर, तिथून पाऊस सरळ शहरावर येतो आणि ऑगस्टमध्ये कोरडी पहाट मिळणं नशिबाचा भाग. मंगळवारी भिजलेला बूट गुरुवारपर्यंत वाळत नाही. त्यासाठी आमच्या घरी एक खातं उघडलेलं आहे, त्याचे प्रमुख माझे यजमान. बुटातली आतली गादी काढून वेगळी ठेवायची, नाड्या सैल करायच्या, जीभ पूर्ण बाहेर ओढायची आणि वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबायचे. दोन तासांनी ते ओले बोळे काढून नवे घालायचे, रात्री झोपताना पुन्हा एकदा. गॅसजवळ किंवा हीटरसमोर बूट ठेवायचे नाहीत, तळव्याचा डिंक सुटतो. कागदही पारखून घ्यावा लागतो. फ्लॅटच्या जाहिरातींची गुळगुळीत पुरवणी थेंबभरही पाणी शोषत नाही. अग्रलेखाचं पान उत्तम. यजमान ते आधी वाचतात, मग चुरगळतात. कधी कधी क्रम उलटा असतो.

आणि मोजे! सुती मोजा ओला झाला की रविवारी करंगळीला फोड आलाच म्हणून समजा. नायलॉनचे मोजे, बोटांच्या मधे व्हॅसलीन, खिशात प्लास्टिकच्या पिशवीत फोन. दोरीवर पळायचे कपडे कायम लटकलेले असतात आणि त्यांना एक कुबट वास येतो, तो साबण बदलून जात नाही. शेवटी इस्त्रीच कामाला येते. आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माण तालुक्यात, या पावसाचा शिंतोडाही मुश्किलीनं पोचतो. त्या दुष्काळी माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. स्टीपलचेसमध्ये पाण्याच्या खड्ड्यात उडी मारावी लागते. आम्ही खड्डे चुकवत पळतो, तिनं ते शर्यतीतच घेतले.

बुधवारी मात्र तोंडाला कुलूप. त्या दिवशी अजिंक्यताऱ्याचा रस्ता: खालून जोरात चढायचं, ठरलेल्या झाडापाशी वळायचं, चालत खाली यायचं, पुन्हा चढायचं. वहिनीसुद्धा गप्प असतात. ऐकू येतात ते फक्त श्वास आणि वर किल्ल्यावर फिरायला निघालेल्या लोकांचे “व्वा, चालू द्या!” हे आशीर्वाद. चालू द्या म्हणणारे स्वतः थांबून म्हणतात, हे मला खटकतं. असो.

पण शर्यतीत बोलण्याचा उपयोग होतो, याला दाखला आहे. १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक आम्हा सातारकरांना कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांमुळं आठवतं. कुस्तीतलं त्यांचं कांस्यपदक तिथलंच. त्याच ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनं ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं घेतली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. सांगतात ते असं, की त्यात सगळ्यांना धाक होता तो इंग्लंडच्या जिम पीटर्सचा. झाटोपेकनं त्याच्या शेजारी जाऊन सभ्यपणे विचारलं, हा वेग ठीक आहे का? पीटर्सनं ऐट दाखवायला उत्तर दिलं, फार सावकाश चाललंय. झाटोपेक बरं म्हणून पुढं निघून गेला. पीटर्सला ती शर्यत पूर्ण करता आली नाही. डॉक्टर ही गोष्ट दर मोसमात एकदा सांगतात आणि दर वेळी वहिनी विचारतात, “पण ते बोलत कुठल्या भाषेत होते?” (झाटोपेकला बऱ्याच भाषा येत होत्या, हेही डॉक्टर दर वेळी सांगतात.)

रविवार. समर्थ मंदिर मागं टाकलं की घाट सुरू होतो. २०१२ पासून ही शर्यत याच रस्त्यानं जाते: जाताना चढ, येताना उतार. आमच्यात एसटीतून निवृत्त झालेले एक चालक काका आहेत. कास-बामणोलीच्या गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं याच घाटातून नेल्या, त्यामुळं त्यांचं पळणंही गिअरमध्ये चालतं. “हे वळण सेकंडचं,” ते सांगतात, “इथं थर्ड टाकलात तर पुढं गाडी बंद पडणार.” आणि खरंच, त्या वळणावर पावलं आखूड करून घेतलेला माणूसच वर धुक्यात बोलत बोलत पोचतो. बाकीचे कठड्याला धरून उभे असतात. धुकं इतकं असतं की खालचं शहर दिसत नाही, आणि चढ अजून किती उरलाय तेही दिसत नाही. यातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आठ वाजून गेले की कासला निघालेल्या गाड्या सुरू होतात. काचा खाली करून मुलं ओरडतात, मोठी माणसं मोबाइल काढतात. म्हणून पहाटेच निघावं लागतं.

वर पोचलं की नवीन माणसाला वाटतं, झालं. मग तो उतारावर सुसाट सुटतो. उतारावर दम लागत नाही, आणि तिथंच घात आहे. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात. उतरताना ते ताणले जात असताना शरीराचं वजन रोखून धरतात, आणि स्नायूंतले धागे जास्त दुखावतात ते यातच. लगेच काही कळत नाही. सोमवारी सकाळी जिना उतरायला गेलं की कळतं, आणि मंगळवारी आणखी कळतं. एका सोमवारी मी आणि डॉक्टर, दोघंही बँकेच्या पायऱ्या कठडा धरून आडवे आडवे उतरत होतो. वॉचमननं दोघांनाही विचारलं, “पडला होता का कुठं?”

या रविवारी चढताना मामला भलताच नाजूक जागी आला होता. मुलानं कोरेगावला जाऊन स्वतःच्या हातानं पिठलं केलं होतं. काकांचं सेकंडचं वळण आलं तरी वहिनींचं वाक्य तुटलं नाही. मुलीच्या वडिलांनी पहिला घास घेतला, पाण्याचा तांब्या उचलला, मुलीकडं पाहिलं आणि म्हणाले—

इथं वळायची जागा आली आणि उतार सुरू झाला. “काय म्हणाले?” मी विचारलं.

“उतारावर बोलायचं नाही,” वहिनी म्हणाल्या. “लक्ष पायाकडं.”

खाली आल्यावर मिसळीच्या टेबलावर आम्ही सगळेच होतो. काकांनी कटाचा वाटा दोनदा मागवला, डॉक्टरांनी पुढच्या रविवारी दोन किलोमीटर वाढणार असल्याचं जाहीर केलं. वहिनी मात्र चारचौघांत घरच्या गोष्टी बोलत नाहीत. पळताना बोलतात ते चारचौघांत धरत नाहीत.

सोमवारी खिचडी झाल्यावर मला राहवेना. फोन केला. म्हटलं, “वहिनी, पिठलं कसं झालं होतं तेवढं तरी सांगा.”

“अगं, फोनवर सांगण्यासारखं नाही ते,” त्या म्हणाल्या. “उद्या ये की पहाटे. हळूच पळायचंय.”