लेझरजेट १०२०: बंद रांगेचं कोडं सुटलं

मागच्या नोंदीतलं कोडं सुटलं. एचपीच्या लेझरजेट १०२० प्रिंटरमध्ये फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) चढत होतं, तरी कप्सची (लिनक्सची छपाई यंत्रणा) प्रिंट जॉबची रांग उघडत नव्हती.

मांडणी तीच आहे: रास्पबेरी पाय (छोटा संगणक), फूटूझेडजेएस (या प्रिंटरचा लिनक्स ड्रायव्हर) आणि १०२०. या प्रिंटरमध्ये फर्मवेअर टिकत नाही. वीज गेली की एसआयएचपी१०२०.डीएल ही फर्मवेअरची फाइल पुन्हा पाठवायची. त्याआधी गेलेला जॉब कप्समध्ये 'पूर्ण' दिसतो आणि कागद हलत नाही. म्हणून रांग बंदच ठेवायची, प्रिंटर जोडला जाताच यूडेव्हच्या (उपकरण जोडल्याची दखल घेणारा लिनक्सचा भाग) नियमाने सिस्टमडीची (पार्श्वभूमीतली कामं चालवणारी व्यवस्था) सर्व्हिस सुरू करायची आणि फर्मवेअर चढल्याची खात्री पटली की रांग उघडायची. यूडेव्हच्या रन ओळीतच अपलोड बसवू नका. तिथे रेंगाळणारी प्रोसेस मारली जाते. रांग उघडी ठेवणंही धोक्याचं. थांबलेला जॉब असेल तर कप्सचा यूएसबी बॅकएंड (जॉब प्रिंटरपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) कर्नलचा यूएसबीएलपी हा प्रिंटर ड्रायव्हर काढून टाकतो आणि अपलोड चालू असतानाच /डेव्ह/यूएसबी/एलपी० ही प्रिंटरची डिव्हाइस फाइल गायब होते.

खरी गोम खात्री करण्यात होती. फर्मवेअर असेल तर प्रिंटरच्या ओळख-स्ट्रिंगमध्ये 'एफडब्ल्यूव्हीईआर' हे फील्ड येतं. माझी स्क्रिप्ट ती स्ट्रिंग सिसएफएसमधून (कर्नल उपकरणांची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो) वाचत होती. पण यूएसबीएलपी ती स्ट्रिंग ड्रायव्हर जोडला जाताना एकदाच विचारून ठेवतो आणि पुढे तीच साठवलेली प्रत दाखवत राहतो. अपलोडनंतर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची यादी) पुन्हा जोडल्याची ओळ नसेल, तर सिसएफएसमधली स्ट्रिंग शिळी आहे असंच समजा. पुढे चक्रच होतं: फील्ड दिसत नाही म्हणून रांग बंद, रांग बंद म्हणून जॉब नाही, आणि जॉब नाही म्हणून ड्रायव्हर सुटून पुन्हा जोडला जात नाही.

उपाय एका ओळीचा. फूटूझेडजेएससोबत येणारं यूएसबी_प्रिंटरआयडी हे छोटं साधन वापरा. ते आयऑक्टलने (ड्रायव्हरला थेट केलेली विनंती) विचारतं, त्यामुळे कर्नल दर वेळी थेट प्रिंटरकडून नवी स्ट्रिंग आणतो. आता रांग आपोआप उघडते!

ए४ कागदावर छापतानाची अडचणही मार्गी लागली. रांगेचा डीफॉल्ट कागद लेटर (अमेरिकी आकार) होता; त्याची उंची २७९ मिमी, ए४ची २९७, म्हणजे सुमारे १८ मिमीचा पट्टा वाया. एलपीअ‍ॅडमिन या कप्सच्या कमांडने पेजसाइझ ए४ केलं की झालं.

एचपीलिप हे एचपीचं स्वतःचं लिनक्स ड्रायव्हर पॅकेजही चालतं, पण त्याचा प्लगइन आवृत्तीशी तंतोतंत जुळावा लागतो, म्हणजे प्रत्येक अपग्रेडला तो पुन्हा उतरवायचा. छोट्या प्रिंट सर्व्हरला फूटूझेडजेएसच बरं. डीएल फाइलची प्रत मात्र जपून ठेवा.

हे लिहिताना वाटतंय की सर्व्हिसचा घोळच नको. कप्सच्या बॅकएंड फोल्डरमध्ये मूळ बॅकएंडच्या आधी चालणारी छोटी रॅपर स्क्रिप्ट ठेवायची: जॉब आला की फील्ड तपासायचं, नसेल तर फर्मवेअर पाठवायचं, ते दिसेपर्यंत थांबायचं आणि मग डिव्हाइस यूआरआय (प्रिंटरचा पत्ता) बदलून मूळ यूएसबी बॅकएंड चालवायचा. सगळं एकामागोमाग होत असल्याने अपलोड आणि जॉब यांच्या झटापटीला जागाच उरत नाही. फाइल रूटच्या मालकीची आणि परवानगी ०७०० हवी, तरच कप्स ती रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवतो. शिवाय उपकरणं शोधताना कप्स बॅकएंडला आर्ग्युमेंटशिवाय हाक मारतो. तेव्हा रॅपरने काहीही न छापता शून्य परत करायचं.